बोलायचा पगार

आख्ख्या तासगाव तालुक्यात बोलायचा पगार घेणारा मी एकटाच माणूस. म्हंजे पगार ठरला हुता बेदाण्याच्या शेडात ट्रे उचलायचा, पर दुसऱ्याच दिवशी मी भरल्या ट्रेसकट उताणा पडलो, आन मालकानं 'ह्यो निस्ता बोलू दे' म्हणून मला बायकांच्यात बसवला.

ह्ये आज आठवायचं कारण म्हंजे वास. कुंडलकडनं यस्टीनं येत हुतो, तासगाव जवळ आलं आन खिडकीतनं त्यो आला. द्राक्षं वाळाय लागली की हवंला एक वास सुटतो. गुळाच्या ढेपंला नाक लावल्यासारखा, पर जरा आंबूस, आन त्येच्या मागनं गंधकाचा, काडी पेटवल्यावर नाकात घुसतो तसा. ह्यो वास आला की माझ्या तोंडाला दोन गोष्टी सुटत्यात, पाणी आन बडबड. शेजारची म्हातारी गाठुडं उचलून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

मला लिवता येत न्हाई. शाळंत मी गेलो हुतो, पर शाळंला ते मानवलं न्हाई. मी बोलतोय आन सून लिवतीया. सून साताऱ्याची, चांगली शिकल्याली. माझ्या बोलण्यातल्या शिव्या तिनं गाळल्यात, त्यामुळं लेख निम्मा झालाय. 'मामा, लोक वाचणार आहेत,' म्हणती. म्हटलं बाई, बोलायच्या बंदीवर लेख सांगतोय आन तू घरातच बंदी घालतीस? तर म्हणली, 'घरात घालते म्हणून बाहेर अब्रू राहते.' हितं बी एक शिवी हुती.

आमचं मालक म्हंजे अण्णा. त्यांचं शेड माळावर हाय. पुढं रॅक. लोखंडी खांबास्नी एकावर एक जाळ्या ताणल्याल्या, त्येच्यावर द्राक्षं वाळत घातल्याली, वर पत्रा, आन बाजू उघड्या, वारं खेळावं म्हणून. पाऊसबिऊस आला तर बाजूनं पलास्टिकचा कागद खाली सोडायचा. मागं लांबलचक हॉल, तितं बाया रांगंनं बसून वाळल्याला बेदाणा निवडायच्या. काडी एकीकडं, काळा एकीकडं, पिवळाधमक एकीकडं. आन हॉलच्या कडंला एक बंद खोली, धुरीची. तितं गंधक जाळून बेदाण्याला धूर द्यायचा, म्हंजे रंग उजळतो. तळपायाला साखर चिकटायची. चालताना पाय चटाक चटाक वाजायचं, आन घरी गेलं की मुंग्या माझ्या मागनं उंबऱ्यापातूर यायच्या. मला कुणी तरी पोचवाय येतंय, ह्येचाच मला अभिमान वाटायचा.

आता बघा. बेदाणा निवडाय बसल्याल्या बाईच्या हातात काय असतंय? बेदाणा. आन तोंड कुठं असतंय? हातापासनं वीतभर. अण्णांनी आदी रेडू लावून बघितला. तर बाया रेडू ऐकत मजेत खायाच्या. ऐकणाऱ्याचं तोंड मोकळं ऱ्हातंय, ही गोष्ट अण्णांच्या ध्यानात आली. मग त्यांनी नेमच केला. शेडात सगळ्यांनी बोलत ऱ्हायाचं. बोलता बोलता कुणाला चावता येत न्हाई. आजूबाजूच्या शेडात मुकादम वरडायचा, 'गप बसा, हात चालवा.' आमच्यात अण्णा दारातनं वरडायचं, 'अगं ए, गप का झालाय? बोला की!'

तर मला काम हुतं काडी लावायचं. मी एक काय तरी बोलायचो, फुडचं बाया बघून घ्यायच्या.

'काल आरशात बघून दाढी करत हुतो,' मी म्हणायचो, 'तर मलाच रामराम घातला. म्हटलं पाव्हणा कोण आलाय ह्यो गरीब!'

'म्हादा, तुझी बायकू तुला नांदवती तरी कशी रं?' सुमनआक्का इचारायची.

'शेतात बुजगावणं पायजेल का नगं?'

'मग पाखरं पळत्यात का?'

'न्हाई, येऊन बसत्यात. म्हणून तर मला हिकडं लावून दिलंय.'

सुमनआक्का म्हंजे शेडातली सगळ्यात थोरली बाई. म्हायेर पाटणच्या अंगाचं, कोयनंच्या पावसातलं. नवरा मिल्ट्रीत हुता, त्यो वारला. शेडाच्या बांधालाच तिची पत्र्याची खोली. हंगामात जे काम मिळंल त्येच्यावर तिचं आख्खं वरीस निघायचं. ती बोलली की बाकीच्या बायास्नी बोलाय बळ यायचं. सासूवर बोलणं व्हायचं, ग्यासच्या टाकीवर व्हायचं, आमदारावर, सरपंचावर, टीव्हीतल्या मंत्र्यावर, आन देवावर तर रोज. घरात सासू, वाटंवर भावकी, देवळात बुवा. बाईनं तोंड उघडं टाकून हसावं अशी जागा गावात दुसरी नव्हती. मी त्यो गडगडाट ऐकायचो आन मनात म्हणायचो, भाषणात म्हणत्यात ती लोकशाही हीच असणार. आमच्याकडं ती बेदाण्याच्या पेटीत भरून जाती, एवढंच. अण्णा दारात हुबं ऱ्हाऊन पोट धरून हसायचं. मी मंत्र्याची चाल करून दावली की धोतराच्या सोग्यानं डोळं पुसायचं.

मग त्यो हंगाम आला. त्या साली आभाळ सारखं यायचं, जायचं, परत यायचं. पाव्हण्यांनी पोरगी बघून जावी आन काय कळवू नये, तसं. अण्णा सारखं वर बघायचं. माल लौकर काढायचा म्हणून धुरी द्यायची येळच त्यांनी बदलली. येरवी बाया सांजच्या घरला गेल्या की गंधक पेटायचा. आता हितं बाया निवडत बसल्यात, आन तितं खोलीत धुरी चाललीया. खोलीचं दार फुगल्यालं, नीट लागत नव्हतं. फटीतनं धूर यायचा. डोळं चुरचुरायचं, घशात काट्यावानी लागायचं. सुमनआक्का सगळ्यात कडंला, दाराजवळ बसायची.

'अण्णा, आमी गेल्यावर द्या की धुरी,' ती म्हणली.

अण्णा नुकतंच खोलीतनं भाईर आल्यालं. डोसक्यावरनं टावेल, नाकावरनं टावेल, डोळं लालभडक, पाणी गळतंय. म्हणलं, 'धूर कुठाय? वास हाय निस्ता!' आन खोकत खोकत गेलं.

आता हे बघितल्यावर माझ्यासारख्या माणसानं काय करावं? च्याच्या सुट्टीत मी टावेल डोसक्यावर घेतला, नाकावर घेतला, डोळं बारीक केलं आन खोकत खोकत म्हणलो, 'धूर कुठाय? वास हाय निस्ता! आन वास बी न्हाई, तुमास्नी भास हाय!' शेड कोसळायचं बाकी राह्यलं. बायास्नी हसू बी यायचं आन खोकला बी, कुठलं काय कळंना. मग सुमनआक्का हसायची थांबली. म्हणली, 'हसताय काय गं? खोकून खोकून बरगड्या दुकाय लागल्यात माझ्या. आमी घरला गेल्यावर धुरी दिली तर अण्णांचं काय जातंय?'

कुणी तरी हे मोबाईलात घेतलं. कुणी ते मला म्हाईत न्हाई. दुसऱ्या दिवशी आख्ख्या तासगावात मी टावेल घेऊन खोकत हुतो. यस्टी स्टँडवर एका पोरानं मला वळखलं. मी छाती फुगवली, तर म्हणला, 'त्या व्हिडूतल्या बाईच्या शेजारी बसल्यालं तुमीच न्हवं?'

पर त्यो व्हिडू एका व्यापाऱ्याकडं बी गेला. त्येनं अण्णांस्नी फोन केला, तुमच्या मालाला लय धूर लागतोय म्हणं.

अण्णा आलं. मला वाटलं आता वरडत्यात. वरडलं असतं तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणलं, 'म्हादा, मी तुला बोलाय बसवला. माझ्यावर बोलाय न्हवं.'

'अण्णा, मंत्र्यावर बोललो तवा तर तुमी हसत हुता.'

'त्यो मंत्री येतोय व्हय माझा बेदाणा घ्याला? माल पडून ऱ्हायला तर तू घेणार हाईस का? आन ह्या बायास्नी काम कोण देणार, तुझा त्यो टावेल?'

बोलायचा पगार घेणारा माणूस, आन ऐन टायमाला मी अळीमिळी. खरं सांगतो, मला अण्णांचा राग आला न्हाई. आपलीच नक्कल आपण बघणं सोपं नसतंय. एकदा जत्रंत एका पोरानं माझी चाल करून दावली, फेंगडी, एक खांदा खाली. लोकं हसली म्हणून मी बी हसलो. घरी आलो आन अंगणात सरळ चालायची परॅक्टीस केली. तिसऱ्या फेरीला हातपंपावर आदळलो. तवा मला म्हाईत हाय, हसणारं हसून जात्यात आन टेंगूळ आपल्याला ऱ्हातंय. अण्णास्नी टेंगूळ आल्यालं. फकस्त त्यांच्या टेंगळापायी दुसऱ्याची बरगडी दुकायची थांबत नव्हती, एवढीच अडचण.

अण्णांनी दोन गोष्टी केल्या. सुमनआक्काला सांगिटलं, उद्यापासनं येऊ नगंस. आन शेडात बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या भिताडाला एक बोर्ड लावल्याला, पांढऱ्यावर तांबडी अक्षरं. सगळ्या बाया त्येच्याकडं बघून चिडीचूप. मला काय वाचाय येतंय? मी दारातनंच मोठ्यानं इचारलं, 'काय लिवलंय गं? सेल लागलाय का?' कुणीच बोलंना. परत इचारलं. शेवटी अण्णांनीच सांगिटलं, 'कुणी बोलायचं न्हाई, असं लिवलंय.' म्हंजे त्या बोर्डाचा कायदा मोडणारा पैला मी, आन मोडलाय ते बी दुसऱ्यानं सांगाय लागलं.

बोलणं बंद म्हंजे मी बी बंद. मी परत ट्रेवर. उचलायचा, धाप लागायची, ठेवायचा.

त्या शांततेसारखी शांतता मी कवा ऐकली न्हाई. मयताला जरी गेलं तरी कोण तरी हळूच पावसापाण्याचं इचारतंय. हितं निस्तं बेदाणं जाळीवरनं घरंगळल्याचा आवाज, वर पत्रा तापून कडाडल्याला, आन मधनंच खोकला. खोकायला बंदी नव्हती. एक खोकली की तिकडनं दुसरी खोकायची, मग तिसरी. निम्मा खोकला धुराचा हुता, निम्मा बोलणं हुतं. सुमनआक्काच्या जागंवर कुणी बसलं न्हाई. तिचा पाट तसाच, दाराजवळ. बाया येताना त्येच्याकडं बघायच्या आन अण्णा बी बघायचं आन मग हिशेब आठवल्यासारखं तोंड करून जायाचं.

आन आणखी एक आवाज हुता. बारीक. मऊ. चाव, चाव, चाव. सगळी तोंडं मोकळी झाल्याली की हो! सांजंला माल पेटीत भरताना कमी भराय लागला. अण्णा वजनकाट्याला थापट्या मारायचं. काट्याचं काय चुकतंय?

सून हितं लिवायची थांबलीया. म्हणती, 'मामा, तुम्ही त्यांना जाऊन सांगितलं का नाही, की आक्कांना परत घ्या?' सांगाय गेलो हुतो बाई. दोनदा गेलो. पैल्यांदा अण्णा जेवत हुतं, मला बी ताट वाढलं, मी जेवून आलो. दुसऱ्यांदा अण्णा बोर्डाकडं बोट करून गप बसलं.

मग त्यो दिस. दुपार टळल्याली. मी ट्रे घेऊन रॅककडनं हॉलकडं येत हुतो आन मागनं गार वाऱ्याची झुळूक मानंवर आली. वळून बघितलं तर माळाच्या त्या अंगाला आभाळ काळंनिळं, खालपातूर लोंबल्यालं. आन रॅकचं कागद वर गुंडाळल्यालं. जाळ्यांवर माल, निम्मा वाळल्याला. त्येच्यावर पाऊस उडला की काळा पडला म्हणून समजा.

अण्णा हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसल्यालं, बाया बोलत्यात का बघत. मी तोंड उघडलं, आन नजर गेली बोर्डावर. वाचता येत न्हाई, पर आता ठावं हुतं काय लिवलंय. अंगात कसली तरी भारी इमानदारी आली. म्हटलं, न बोलता सांगूया. दोनी हात वर केलं आन बोटं नाचवत खाली आणली, पाऊस. अण्णांनी बघितलं, मान फिरवली. मग मी ढग केला, गाल फुगवून. अण्णांच्या कपाळाला आठ्या. मग म्हटलं, पावसात माणूस काय करतो? शेजारी रिकामं पोतं हुतं, त्येची खोळ केली आन डोसक्यावर घेतली.

अण्णा खुर्चीतनं ताडकन उठलं. 'परत? परत माझी नक्कल? लाज न्हाई वाटत तुला?'

मी मान हालवतोय, बोटं नाचवतोय, पोतं डोसक्यावर. मी जितकं खरं सांगतोय तितकं अण्णांस्नी त्ये टिंगल वाटतंय. आन आतनं बायास्नी ढग दिसतोय, त्या बोर्डाकडं बघत्यात, एकमेकीकडं बघत्यात, एक बी बोलंना. तेवढ्यात पत्र्यावर टाप, टाप.

आन बांधाच्या पलीकडनं आवाज आला.

'अगं पाऊस आलाऽऽ! कागद सोडा! आवं अण्णा, बसलाय काय, कागद सोडा!'

सुमनआक्का. पदर खोचल्याला, अनवाणी, खोकत खोकत पळत आली. ती कामावर न्हवती. तिला बोलायची बंदीच लागू नव्हती. आख्ख्या शेडात तोंड उघडाय मोकळं माणूस एकच राह्यलं हुतं, आन ते काढून टाकल्यालं. कोयनंची बाई, खोलीत बसून बी तिला वाऱ्याचं कळलं. बाया उठल्या. काय त्यो गलका! इतकी सारी तोंडं इतक्या दिवसांनी एकदम फुटली. 'तिकडची दोरी सोड', 'खालनं दगड ठेव', 'मेले, पाय काढ माझ्यावरनं'. कागद फडफडत हुतं, पाऊस आडवा मारत हुता, अण्णा दोरी वडत हुतं आन वरडत हुतं, 'बोला गं, कुठलं राह्यलंय सांगा, बोला!' मी पोतं डोसक्यावर तसंच घेऊन पळत हुतो. त्येचा मातूर उपेग झाला. मी एकटाच कोरडा राह्यलो.

कडंच्या जाळ्यांची एक रांग भिजली. बाकी माल वाचला.

पाऊस गेल्यावर सगळी हॉलमदी ठिबकत बसल्याली. अण्णांनी च्या सांगिटला. मग सुमनआक्काकडं न बघता म्हणलं, 'उद्यापासनं ये. धुरी तुमी गेल्यावर. आन त्ये दार मी सुताराकडनं करून घेतो.'

'आन बोर्ड?' आक्का म्हणली.

'बोर्डाचं बघू.'

माफीबिफी कुणी मागितली न्हाई. आमच्याकडं च्या पाजला की ती माफी.

मग अण्णा माझ्याकडं वळलं. म्हणलं, 'म्हादा, करून दाव.'

'काय अण्णा?'

'त्ये टावेलाचं. माझ्याम्होरं कर.'

माघारी नक्कल करणं येगळं आन म्होरं करणं येगळं. टावेल घेतला, नाकावर धरला, आन आवाजच फुटंना. 'धूर... धूर कुठाय' असं काय तरी शेळीसारखं आलं. कुणीच हसलं न्हाई.

'ह्याट्,' अण्णा म्हणलं, 'हिकडं आण त्यो टावेल. मी असं बोलतो व्हय?' आन त्यांनी सोता टावेल डोसक्यावर घेतला, डोळं बारीक केलं, छाती फुडं काढली आन खोकत खोकत म्हणलं, 'धूर कुठाय? वास हाय निस्ता!' आयला, काय केली! माझ्यापेक्षा धा पटीनं भारी. बाया लोळल्या. सुमनआक्का बरगड्या धरून म्हणली, 'अण्णा, बास करा, दुकतंय!' अण्णा हसता हसता खाली बसलं आन टावेल डोळ्याला लावून तसंच बसलं. हसत हुतं का काय ते टावेलामुळं दिसलं न्हाई. बघाय कुणी गेलं बी न्हाई.

आता ह्या हंगामात शेडात गेलो तर निम्मं काम मशीन करतंय. काळा दाणा दिसला की फुस्स करून बाजूला उडवतंय. मशीन खात न्हाई, आन बोलत बी न्हाई. थोड्या बाया हायती, ज्येच्या त्येच्या कानात वायर. अण्णा थकल्यात, खुर्चीत बसत्यात, एका कानानं ऐकू येत न्हाई. मला बघितलं की दुसरा कान फुडं करून म्हणत्यात, 'बोल रं काय तरी. शेड कसं मुकं मुकं वाटतंय.' त्यो बोर्ड अजून हाय. पाण्याच्या बॅरलवर झाकण म्हणून ठेवलाय, अक्षरं खालच्या अंगाला. पाणी प्यायचं झालं की आदी त्यो उचलाय लागतोय.

आमच्या गावाचा मोबाईलवर एक गट हाय. मला लिवता येत न्हाई म्हणून मी त्यात बोलून पाठवायचो, गटारीचं, लाईटीचं, माझ्या गुडघ्याचं. मागच्या म्हैन्यात गटारीवरनं जरा जास्त बोललो. तर गट चालवणाऱ्यांनी कायतरी बटण दाबलं, आता तितं फकस्त तेच बोलणार, आमी ऐकायचं. मला राग यायच्या आदी त्यांची काळजी वाटली. ती बी आमचीच पोरं. तिकडनं आभाळ आलं तर त्यास्नी सांगणार कोण? आमी अंगठा वर करून दावणार, त्यास्नी वाटणार आमी खूश हाय.

हे सगळं सुनंनं वाचून दावलं तवा सुमनआक्का आमच्यात आल्याली. आता तिचा खोकला बराय. ओसरीवर पाय पसरून शेवटपातूर ऐकलं. मी जरा घसा खाकरून म्हणलो, 'आक्का, त्या साली मी नसतो, मी ती नक्कल केली नसती, तर आपल्या शेडात पुन्ना बोलणं सुरू झालं नसतं. व्हय का न्हाई?'

आक्का सुनंकडं वळली. म्हणली, 'पोरी, बोलणं बंद झालं तवा माल कमी भरायचा त्ये लिवलंस न्हवं? मग फुडं लिव. बाया न्हाई खात हुत्या. त्यास्नी खोकल्यातनं सवड न्हवती. ह्यो खाईत हुता. बांधावरनं मला रोज दिसायचं, ट्रेखाली ह्येचंच तोंड हालत हुतं. ह्येला बोलाय लावला त्यो लोकशाहीसाठी न्हवं, माल वाचावा म्हणून.'